उन्हाळ्यातलं स्लाइम: टाकणखार किती आणि कधी घालायचा

स्लाइम म्हणजे पोरं खेळतात तो गमाचा, ओढला की लांबणारा गोळा; तो आवळतो टाकणखाराने, म्हणजेच बोरॅक्सने. पण "चिकटतंय ना, मग अजून टाकणखार घाल" हा सल्ला खान्देशातल्या मे महिन्यात सरळ चुकीचा आहे. जळगाव-भुसावळकडे पारा 44 च्या पुढे गेला की स्लाइम पातळ आणि चिकट लागतं ते उन्हामुळे, टाकणखार कमी पडला म्हणून नाही. दुपारी चिकटपणा घालवायला टाकणखाराच्या द्रावणाचे जास्तीचे चार चमचे ओतलेत, तर रात्री गार झाल्यावर तेच स्लाइम रबरासारखं कडक होतं आणि ओढलं की तुटतं. बहुतेक घरी बिघडतं ते इथेच.

सामान थोडं आहे. शाळेत वापरतात तो पांढरा गम, म्हणजे फेव्हिकॉल एमआर किंवा तसाच दुसरा, 100 ग्रॅम. सुताराचा घट्ट फेव्हिकॉल घेऊ नका, त्याच्या गुठळ्या होतात. साधं पाणी 50 मिली, खाण्याचा रंग दोन थेंब, आणि टाकणखार. तो काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. सोनार दागिन्याला झाळ लावताना हाच वापरतात, त्यामुळे जळगावच्या सराफ बाजाराच्या आसपास सोनारकामाचं सामान विकणाऱ्यांकडेही विचारा. खडे मिळाले तर कुटून पूड करा. तव्यावर फुलवलेली लाही मात्र नको. भाजताना टाकणखाराचं जवळजवळ निम्मं वजन पाणी होऊन उडून जातं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची लाही दुप्पट जोरकस पडते आणि सगळा हिशेब चुकतो.

उन्हाळ्याच्या कामांमुळे घरात पापडखार असतोच. त्याने स्लाइम होत नाही, कारण टाकणखारातलं बोरॉन हे मूलद्रव्य त्यात नसतं. तुरटीने होत नाही, नुसत्या खाण्याच्या सोड्यानेही नाही. कॅरमची पावडर बोरिक अ‍ॅसिडची असेल तर तीही एकटी चालत नाही; सोडा मिसळल्यावर थोडंफार जमतं, पण प्रमाण सांभाळणं कटकटीचं आहे.

टाकणखाराबद्दल ठाम सांगणं: तो पोटात जाता कामा नये. तोंड आल्यावर काही घरांत त्याची लाही लावतात, म्हणून तो निरुपद्रवी समजू नका. पूड मोठ्यांनीच हाताळायची आणि द्रावणही मोठ्यांनीच करायचं. वाटी-चमचे स्वयंपाकाचे नकोत. हाताला जखम किंवा खरूज असेल तर पोराला हात लावू देऊ नका, आणि खेळून झाल्यावर साबणाने हात धुवून घ्या. अजून सगळं तोंडात घालणाऱ्या लहानग्यांसाठी हा खेळ नाही.

द्रावण: 200 मिली कोमट पाण्यात टाकणखाराचा एक सपाट चहाचा चमचा, सुमारे 4 ग्रॅम. तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत ढवळा आणि पूर्ण गार होऊ द्या.

दुसऱ्या वाडग्यात गम, पाणी, रंग एकजीव करा.

आता खरं काम. गमात द्रावण एकदम ओतू नका. चहाच्या चमच्याने एकच चमचा घाला आणि अर्धा मिनिट तळापासून ढवळा. चमच्याभोवती लगेच तार आणि गुठळ्या धरतील, मधला गम अजून दुधासारखा पातळ असेल. गडबडू नका. टाकणखार जिथे पडतो तिथला गम आधी आवळतो, आतपर्यंत पोचायला त्याला ढवळणं लागतं. मग पुढचा चमचा. एवढ्या गमाला साधारण 8 ते 10 चमचे लागतात, पण गम कमी-जास्त दाट असतो, म्हणून आकड्यापेक्षा वाडग्याकडे बघा. गोळा वाडग्याच्या कडा सोडायला लागला की थांबा, मग तो हाताला कितीही चिकटत असो.

इथून पुढे चमचा नाही, हात. हात द्रावणात नुसते ओले करून गोळा तीन-चार मिनिटं कणकेसारखा मळा. बोटांना लागलेला थर मळता मळता आपोआप गोळ्यात जातो. मळून झाल्यावर गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा माठातल्या गार पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा. गार झाल्यावर पुन्हा हातात घ्या. आताही चिकटला, तरच आणखी अर्धा चमचा द्रावण. गरम गोळ्यावरून निर्णय घ्यायचाच नाही.

हे असं का होतं ते पोरांना सांगण्यासारखं आहे. गमात लांबलचक साखळ्यांचे रेणू असतात, ताटात मोकळ्या पसरलेल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरणारे, म्हणून गम वाहतो. टाकणखार पाण्यात विरघळला की बोरेट तयार होतं आणि ते दोन साखळ्यांना मध्ये पकडून जोडतं. ही जोडणी पक्की नसते, सतत सुटते आणि पुन्हा जुळते. हळू ओढलं तर सुटलेल्या जागा जुळायला वेळ मिळतो आणि स्लाइम लांबतं. झटका दिला तर वेळच मिळत नाही, तुकडा पडतो. दोन्ही करून दाखवा. उष्णतेने जोडण्या जास्त सुटतात, म्हणून दुपारी स्लाइम सैल पडतं.

आणखी एक प्रयोग: सुपारीएवढ्या तुकड्यावर लिंबू पिळून कालवा. आंबटपणामुळे बोरेटचं बोरिक अ‍ॅसिड होतं, जोडण्या सुटतात आणि गोळा पातळ होतो. त्यात चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घातला की फेस येतो आणि पुन्हा घट्टपणा धरायला लागतो. कपड्याला किंवा सतरंजीला लागलेलं स्लाइम व्हिनेगरने निघतं ते याच कारणाने. चोळण्याआधी पाच मिनिटं मुरू द्या.

फार कडक झालं असेल तर कोमट पाण्याचे थेंब घालून मळा. तरी तुटत असेल तर थोडा नवा गम पाण्यात कालवून त्यात मिसळा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत उघडं ठेवलं तर पाणी उडून वरून पापडी धरते, म्हणून खेळ संपला की लगेच डब्यात. वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला की कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. मोरीत सोडलंत तर पाइप तुंबतो.