युरोपातली जुनी चांदीची नाणी: सुरुवात डच सिंहापासून करा

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात राजे, शहरं, बिशप असे सगळेच नाणी पाडत. सगळ्यांच्या मागे लागलात, तर पैसे संपतील आणि नजर काही तयार होणार नाही. म्हणून आधी एकच नाणं धरा. मी सुचवेन डच लेउवेनडाल्डर, म्हणजे सिंहाचं चित्र असलेलं चांदीचं नाणं. 1575 पासून शंभराहून अधिक वर्षं तो व्यापारासाठी पाडला गेला, त्यामुळे आजही बाजारात सापडतो.

आधी वाचायला शिका. एका बाजूला ढालीमागे उभा सरदार, दुसऱ्या बाजूला मागच्या पायांवर उभा सिंह. सरदाराभोवतीच्या लॅटिन मजकुरात नाणं पाडणारा प्रांत कळतो: 'होल' (HOL) म्हणजे हॉलंड, 'त्रा' (TRA) म्हणजे उत्रेख्त. साल बहुधा सिंहाच्या बाजूला असतं.

मग वजन करा. ठरलेलं वजन साधारण 27.6 ग्रॅम, त्यात चांदी 75 टक्के. थोडी घट चालते. बुडालेल्या जहाजातून काढलेलं नाणं समुद्राच्या पाण्यानं खाल्लेलं असल्यामुळे बरंच हलकं भरतं. त्याची किंमतही तशीच कमी हवी.

खरी परीक्षा पाण्यात. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. नाण्याच्या कोरड्या वजनाला आता काट्यावर दिसणाऱ्या आकड्यानं भागा. उत्तर, म्हणजे नाण्याची घनता, 10च्या आसपास आलं पाहिजे. 9च्या खाली आलं, तर नाणं परत करा.

धातू जुळला तरी कडा भिंगाखाली बघाच. साच्यात ओतलेल्या नकलेला तिथे जोडाची रेघ किंवा बारीक छिद्रं दिसतात. हातोड्यानं पाडलेल्या दोन नाण्यांची कड सारखी नसते. त्यामुळे दोन नाण्यांवर तंतोतंत तीच चीर दिसली, तर ती एकाच साच्यातून आलेली आहेत. सरदाराचा चेहरा सपाट असला म्हणून मात्र घाबरू नका. या नाण्यांवर ठसा नीट न उमटणं नेहमीचंच आहे, आणि त्यापायी उत्तम नाणी स्वस्तात मिळतात.

टूथपेस्ट, चिंच, भांड्यांची पावडर लावून नाणं कधीही घासू नका. काळपट थर गेला की किंमतही जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात हिरवा चिकट थर धरतो, म्हणून आम्लविरहित कागदी पाकीट घ्या. कोकणात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच.

भारताच्या 1972 च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरातन वस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून मागवलंत, तर बिल आणि कस्टमची पावती नाण्यासोबतच जपा.