नट व्हायचंय? मग आधी लिहायला बसा

कॉलेजच्या एकांकिका संपल्या की मुलंमुली भेटायला येतात. प्रश्न ठरलेले असतात. मुंबईला कधी येऊ, फोटो कुठे काढू, कोणाला भेटू? मी रंगमंचावर आणि मालिकांत काम करतो, लिहितो, अधूनमधून नाटक बसवतोही. माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. काय लिहिलं आहेस ते दाखव, असं मी म्हणतो.

कारण साधं आहे. नटाला कोणीतरी बोलवावं लागतं. दिग्दर्शकाला निर्माता लागतो, नट लागतात, तालमीची जागा लागते. लेखकाला वही पुरते. तिन्ही कामांत परवानगी न मागता आज रात्री सुरू करता येण्यासारखं हे एकच काम आहे. आणि गंमत म्हणजे पुढची दोन कामं बहुतेकदा त्यातूनच येतात. स्वतःच्या संहितेत स्वतःला भूमिका देणं हा मराठी रंगभूमीवरचा जुना आणि प्रतिष्ठित उद्योग आहे.

सुरुवातीला एकांकिका स्पर्धांसारखी शाळा नाही. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे. तिथे सगळा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. झगमगीत नेपथ्य आणि दिव्यांच्या करामती करून काही हाती लागत नाही. फिरोदिया करंडक स्पर्धेचं उलट, तिथे नाच, गाणं, चित्र, जादू जे येतं ते विषयात गुंफायचं. मुंबईकडे आयएनटीची एकांकिका स्पर्धा आहे, आणि इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांची 25 जानेवारीला रात्रभर चालणारी ‘सवाई’ आहे. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्यांत एंट्री घेतली की पुढे कुठल्याच प्रेक्षकाची भीती उरत नाही. पण नवख्याने पहिल्या वर्षी भूमिकेसाठी रुसून बसू नये. प्रॉम्प्टिंग, म्हणजे नट विसरला की आडून वाक्य सुचवायचं काम, स्वतःहून मागावं. हातात संहिता धरून महिनाभर तालमी बघणाऱ्याला नाटक जेवढं कळतं, तेवढं मधे उभं राहून बोलणाऱ्याला कळत नाही. माझी एक ठाम समजूत तिथेच झाली: चांगला नट रोज एकाच वाक्याशी अडखळत असेल, तर त्याचं पाठांतर तपासायच्या आधी ते वाक्य तपासावं. बहुतेक वेळा क्रियापद चुकीच्या जागी असतं, किंवा ते पात्र बोलतच नसतं, लेखक बोलत असतो.

पुण्यामुंबईबाहेर राहणाऱ्यांनी मन छोटं करायचं कारण नाही. राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रं गावोगावी असतात, गोव्यात कला अकादमीची स्वतंत्र मराठी नाट्य स्पर्धा आहे. आणि पूर्व विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी! गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिचं केंद्र. धानाची कापणी झाली की नाटक कंपन्या बाहेर पडतात आणि मंडपात रात्रभर प्रयोग होतात. तिकडच्या नटाला माइकसमोर पहाटेपर्यंत प्रेक्षक धरून ठेवता येतो. आमच्याकडचे भलेभले तिथे मध्यंतराआधीच संपतील.

प्रशिक्षण घ्यावं का? घ्यावं, जमत असेल तर जरूर. दिल्लीच्या एनएसडीचा, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, पदवी लागते आणि आधी नाटकांत काम केल्याचा पुरावाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. सिनेमाच्या अंगाने जायचं तर पुण्यातली चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, एफटीआयआय. या संस्था काम मिळवून देत नाहीत. त्या वेळ देतात. आवाज, शरीर आणि वाचन यांवर दुसरं काही न करता तीन वर्षं घालवण्याची चैन नंतर कोणालाच परवडत नाही. चार शनिवार-रविवारांत ‘कॅमेऱ्यासमोरचा अभिनय’ शिकवणाऱ्या वर्गांबद्दल मात्र मी काही चांगलं बोलू शकत नाही. आणि कामाची हमी देऊन आधी पैसे मागणारा माणूस भेटला तर चहाही न पिता उठावं.

पोटापाण्याचं काय, हा खरा प्रश्न. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसातज्ज्ञ होते आणि व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. दिग्दर्शक जब्बार पटेलांचा दौंडला दवाखाना होता. नाटककार सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राची नोकरी करत होते, त्याच काळात, 1974 मध्ये त्यांचं ‘महानिर्वाण’ त्यांनीच लिहून, त्यांनीच बसवून रंगमंचावर आलं. पुढे ते ललित कला केंद्राचे प्रमुख झाले आणि सिनेमांतून नट म्हणून नव्या पिढीला माहीत झाले. नोकरी म्हणजे कलेशी तडजोड, असं समजणाऱ्यांनी ही नावं एकदा आठवावीत. भाडं भरलेलं असलं की वाईट संहितेला नाही म्हणता येतं.

व्यावसायिक नाटकात पैसे ‘नाइट’वर मिळतात. जितके प्रयोग तितक्या नाइट. शनिवार-रविवार हाच आमचा आठवडा: दुपारी दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृह, रात्री ठाण्याला गडकरी रंगायतन, मधे बसमध्ये डबा. सेट उतरवायचा, चढवायचा, पुन्हा लावायचा. यात नट म्हणून एक गोष्ट लवकर अंगवळणी पडते. तोच विनोद दुपारी टाळी घेतो आणि रात्री पडतो. तेव्हा प्रेक्षकाला दोष न देता पुढचं वाक्य वेळेत घेता आलं पाहिजे. पडलेल्या हशाची वाट बघत थांबलेला नट पहिल्या रांगेला लगेच कळतो.

कॅमेऱ्याचं तंत्र वेगळं आहे, पण त्याचा बाऊ फार केला जातो. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची सवय कमी करायची, डोळे इकडेतिकडे फिरवायचे नाहीत, आणि कंटिन्युइटी स्वतः सांभाळायची. पेला कुठल्या हातात होता, कुठल्या शब्दावर ठेवला, हे सहायकाने सांगायच्या आधी आपल्याला माहीत हवं. एडिटरला न जुळणारा तुमचा उत्तम शॉट तो वापरत नाही, जुळणारा मध्यम शॉट वापरतो. ऑडिशनचा व्हिडिओ घरून पाठवताना मागची भिंत मोकळी ठेवा, समोरच्याची वाक्यं बोलायला माणूस बसवा, आणि रडून दाखवू नका. सगळे रडूनच दाखवतात.

आता लिहिण्याकडे परत येतो, कारण मालिकेतलं लेखन बाहेरून कोणाला कळत नाही. तिथे कथा, पटकथा आणि संवाद ही बहुधा वेगवेगळ्या माणसांची कामं असतात. नवख्याला दार उघडतं ते संवादाचं. रात्री नऊला फोन येतो: सासूचं काम करणारी नटी उद्या दुसऱ्या शूटिंगला आहे, देवघराचा सेट लागणार नाही, आणि चॅनेलला भांडण याच भागात हवंय. म्हणजे पटकथेत सासू-सून देवघरात समोरासमोर भांडतात, ते आता दिवाणखान्यात, सासूशिवाय, पण सासूशीच व्हायला हवं. मग सून फोनवर बोलते, पलीकडचा आवाज ऐकू येत नाही, आणि नेमकं त्या वेळी नवरा दारातून आत येतो. आता भांडण दोघींचं असलं तरी ऐकणारा तिसरा झाला, आणि तिला प्रत्येक वाक्य दोन माणसांना उद्देशून बोलावं लागतं. मूळ प्रसंगापेक्षा हा बरा निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सकाळी सातच्या आत पानं सेटवर गेली पाहिजेत, कारण एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, उरलेली नसते. हे काम हलकं मानणारे पुष्कळ भेटतील. पण मी अभिनय करतो म्हणून मला हे जमतं आणि हे लिहितो म्हणून सेटवर आयत्या वेळी हातात पडलेलं पान मला पाठ होतं.

दिग्दर्शन शेवटी यावं असं मला वाटतं, आणि त्याबद्दल थोडंच सांगतो. स्वतः लिहिलेलं पहिलं नाटक स्वतः बसवताना त्यात मोठी भूमिका घेऊ नका. समोर बसून बघणारा कोणीतरी लागतो. आणि नटाला करून दाखवू नका. तुम्ही नट आहात म्हणून हात शिवशिवणार, पण मग सगळे तुमच्यासारखं बोलायला लागतात.

कागदपत्रांचा कंटाळा सगळ्यांना असतो, तरी एवढं कराच. नाटकाच्या प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे तालमी रंगात आल्यावर आठवलं तर धावपळ होते. सिनेमा-मालिकेसाठी लिहिलेलं काही कोणाला ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, ते ऑनलाइन होतं. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सिनेमा-मालिकेत वापरलेल्या लेखनाच्या पुढच्या काही वापरांवर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क मान्य झाला. तरीही ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेले करार समोर येतात. सही करण्याआधी ते वाचा, श्रेयनामावलीत नाव कसं येणार ते लिहून घ्या. मालिकेचे पैसे काम झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी येतात, हे धरून चाला. एका निर्मात्याने माझे शेवटच्या महिन्याचे पैसे मालिका बंद पडल्यावर दिलेच नाहीत. आता मी रक्कम, तारीख आणि किती भागांचे ते ईमेलवर येईपर्यंत पहिला सीन पाठवत नाही, आणि समोरच्याला त्याचा राग आला तर येऊ देतो.