ग्रंथालय नव्या दालनात हलवण्यापूर्वी

कोल्हापुरातील एखाद्या महाविद्यालयाने ग्रंथालय नव्या दालनात नेण्याचे ठरवले, की चर्चा पुस्तकांचे घोडे (रॅक), टेबले आणि हमाल यांपासून सुरू होते. ती शेवटी करावी. तयारीचा आरंभ तालिकेतून, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या सूचीतून व्हावा, कारण जुन्या जागेत नोंद चुकलेले पुस्तकही कर्मचाऱ्याला सवयीने सापडते, पण जागा बदलली की ती सवय निरुपयोगी ठरते.

सर्वप्रथम साठा पडताळणी पूर्ण करावी. दाखलनोंदवहीतील दाखल क्रमांक (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला दिलेला क्रमांक), कपाटातील प्रत आणि कोहा किंवा सोल या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालींपैकी वापरात असलेल्या प्रणालीतील नोंद ही तिन्ही जुळली पाहिजेत. जिची नोंदच नाही, अशी प्रत तात्पुरती नोंद केल्याशिवाय हलवू नये. त्यानंतर मराठी नोंदींचे लेखन तपासावे, आणि येथे घाई अजिबात करू नये. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतप्रणालीत, २००८ साली स्वतंत्रपणे आले, त्यामुळे ‘ॲरिस्टॉटल’ कोठे या अक्षराने, तर कोठे ‘अ’वर चंद्र देऊन टंकलेला असतो, ‘कादंबऱ्या’मधला ‘ऱ्या’ही दोन प्रकारे टंकला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी अक्षरे वाटू शकतात आणि समोर असलेले पुस्तक शोधात येत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधून आणलेल्या नोंदींची कथा तर विचारूच नये. व्यक्तिनामांचेही एकच प्रमाण रूप ठरवावे: राजर्षी शाहू (१८७४–१९२२) आणि साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) एकाच विषयशीर्षकाखाली गेले, तर कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने काय म्हणावे?

मग मोजमाप घ्यावे. प्रत्येक विषयाची पुस्तके किती मीटर जागा व्यापतात ते टेपने मोजून, वाढीसाठी सुमारे चतुर्थांश फळी मोकळी राहील असा आराखडा करावा. पंचगंगेचे २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात दुर्मीळ ग्रंथ तळमजल्यावर ठेवू नयेत. हलवाहलव मे महिन्यात, पावसाआधी उरकावी. मात्र स्पर्धा परीक्षेच्या वाचकांना सुट्टी नसते, म्हणून त्यांची अभ्यासिका सर्वांत शेवटी हलवावी.

तालिकाकाराचे टेबल कोपऱ्यात ढकलण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याला पुरेसा उजेड, दोन ट्रॉली उभ्या राहतील एवढी जागा आणि स्कॅनरजवळ विजेचा सॉकेट आराखड्यातच द्यावा.

पुस्तक कोठे ठेवले आहे ते सांगणारे प्रणालीतील स्थानसंकेत एका विभागाची मांडणी पूर्ण झाल्यावरच, त्याच दिवशी बदलावेत. शेवटी हलवाहलवीत नसलेल्या व्यक्तीने तालिकेतून वीस पुस्तके कपाटात आणि कपाटातून वीस तालिकेत शोधून पाहावीत. त्यांतील चुका दुरुस्त झाल्यावरच देवघेव सुरू करावी.