चढावर गाडी मागे सरकायची, ती अशी थांबली

पुण्यात लर्निंग लायसन्सचं फारसं काही नाही. सरकारच्या 'सारथी' या लायसन्सच्या पोर्टलवर आधार जोडलं की परीक्षा घरबसल्या होते. मग 30 दिवस थांबायचं आणि लर्निंगच्या 6 महिन्यांच्या मुदतीत पक्क्या लायसन्सची चाचणी द्यायची.

माझं घोडं अडलं ते चढावर. थांबलेली गाडी पुन्हा काढताना हमखास हातभर मागे यायची. क्लासचे सर म्हणायचे, "हाफ क्लचवर धरा, म्हणजे क्लच अर्धाच सोडा, हँडब्रेकला हात लावू नका." का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शेवटी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 15 काढून वाचला. चढावर गाडी मागे न सरकता निघाली पाहिजे, आणि त्यासाठी हँडब्रेक वापरलेला चालतो, असं तिथे स्पष्ट आहे!

मग सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प गाठला, तोही दुपारी, वर्दळ नसताना. शेजारी लायसन्सवाला दादा, पुढे-मागे लाल 'एल'. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, आणि क्लच सावकाश वर. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे क्लचवरचा पाय तसाच ठेवून हँडब्रेक सोडायचा. पाय दमला की गाडी बंद पडते, म्हणून मधेमधे थांबायचं.

चाचणीत तेच केलं, गाडी सरळ वर गेली. रिव्हर्सचं टेन्शन मात्र उगाचच घेतलं होतं. तिथे आरसे नीट लावले की भागतं.