चामडीचं दुखणं आणि ट्यूबचा नाद: या चुका टाळा

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे, सतरा वर्षं झाली काउंटरला उभा आहे, आणि एक गिऱ्हाईक मी लांबूनच ओळखतो. दुकानात बाया असल्या की तो समोरच्या टपरीवर थांबतो, गर्दी हटली की येतो, इकडंतिकडं बघतो आणि हळूच म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या एक." कुठं लावायची विचारलं की मान खाली. मी डॉक्टर नाही, औषधशास्त्र शिकलेला माणूस आहे, पण त्याच त्याच चुका इतक्यांदा बघितल्या की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

आधी ती चामडी, म्हणजे पुरुषाच्या लिंगाच्या टोकावरची कातडी, नेमकी काय ते बघू, कारण निम्म्या चुका तिथूनच होतात. ती दुहेरी घडी असते, बाहेरची बाजू साध्या कातडीसारखी आणि आतली बाजू ओठाच्या आतल्या भागासारखी ओलसर नाजूक. आत जो भाग असतो त्याला पुस्तकात शिश्नमुंड म्हणतात आणि आपल्याकडं सरळ सुपारी म्हणतात. चामडी त्याला झाकते, कपड्याची घासाघीस लागू देत नाही, ओल टिकवते, तिच्यात संवेदनेच्या नसा भरपूर असतात आणि मोठेपणी संबंधाच्या वेळी ती मागंपुढं सरकते म्हणून घर्षण कमी होतं. खालच्या अंगाला एक बारीक पट्टी असते, तिनं चामडी सुपारीला बांधलेली असते, ती पट्टी असणं हा काही दोष नाही. फालतू जास्तीची कातडी आहे असं म्हणणारे भेटतात, तसं काही नाही.

लेकराची चामडी ओढू नका

ही चूक सगळ्यात जास्त घरातच होते, आणि करणारी माणसं मायेचीच असतात. आजी तेल लावून आंघोळ घालती, कुणीतरी सांगितलेलं असतं की रोज थोडी थोडी मागं सारा नाहीतर पुढं अडचण येईल, म्हणून ती सारती आणि लेकरू रडून आकांत करतं. अहो, जन्मताच ती चामडी आतून सुपारीला चिकटलेलीच असते, नख जसं खालच्या मांसाला धरून असतं तसं. ती आपोआप सुटत जाते, कुणाची तीन-चार वर्षांत, कुणाची दहा-बारा वर्षांपर्यंत जाते. डेन्मार्कमधल्या शाळकरी पोरांना वर्षानुवर्षं तपासून याकोब ओस्टर नावाच्या डॉक्टरनं १९६८ साली मांडलं होतं की सोळा-सतराव्या वर्षी शंभरात एखाद्याचीच चामडी अडलेली राहते. म्हणजे बाकीच्यांचं काही न करता झालं. उलट ओढून ती फाटली, रक्त आलं, की भरताना तिथं व्रण धरतो, तो आवळतो, आणि जी अडचण नव्हतीच ती आपण तयार करतो.

लघवी करताना पुढं फुग्यासारखं फुगतं म्हणून आईबाप घाबरून येतात. धार नीट येत असेल आणि लेकरू रडत नसेल तर बहुतेक वेळा ते चामडी सुटत असल्याचंच लक्षण असतं. चामडीखाली पांढरे मऊ खडे दिसतात तो पू नाही, सुटलेल्या पेशी साचलेल्या असतात, येतील बाहेर. पण धार थेंबथेंब येत असेल, ताप येत असेल, पुढचा भाग लाल होऊन सुजला असेल तर दवाखाना गाठा. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, लघवीचं छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल, चामडी फक्त वरून टोपीसारखी असेल, तर "याची जन्मताच सुंता झालेली आहे" म्हणून कौतुक करू नका, आणि सुंता तर अजिबात करू नका. ते छिद्र दुरुस्त करायच्या ऑपरेशनला डॉक्टरला तीच कातडी लागू शकते, आधी कापून टाकली की पंचाईत होते.

मागं घेतली आणि तशीच ठेवली

याला घाबरायलाच पाहिजे. चामडी मागं गेली आणि पुढं आणायची राहिली तर ती सुपारीच्या मागं रबरबँडसारखी बसते, पुढचा भाग सुजतो, सुजला की अजून आवळते, असं ते चक्र चालू होतं. तरण्या पोरांना होतं ते होतंच, पण माझ्या बघण्यातले जास्तीचे म्हातारे आहेत, लघवीची नळी घातलेले. प्रोस्टेटमुळं लघवी तुंबली, नळी घातली, घरी आणलं, नळी घालताना किंवा पुसताना चामडी मागं घेतलेली असते ती पुढं आणायचं कुणाच्याच ध्यानात राहत नाही, आणि सून-नातवंडं लाजेनं बघत नाहीत. दोन दिवसांनी पोरगा सांगतो बापाला तिथं लई सूज आली, सुजेची गोळी द्या. गोळीनं काही होत नसतं. नळी असलेलं माणूस घरी असेल तर रोज पुसून झालं की चामडी पुढं आली का एवढं एकदा बघा.

नुकतंच झालं असेल तर सुजलेला भाग मुठीत धरून पाच-दहा मिनिटं हळूहळू दाबून धरायचा, सूज ओसरली की अंगठ्यानं सुपारी आत ढकलत चामडी पुढं आणायची. बर्फ लावायचा तर फडक्यात गुंडाळून, थेट नाही. जमलं नाही, किंवा रंग निळा-काळा पडायला लागला तर घरी प्रयोग करत बसू नका, रात्र असली तरी तडक जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. सकाळपर्यंत बघू म्हणायचं काम नाही, रक्तपुरवठाच बंद पडू शकतो.

साबण आणि डेटॉल

मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, घामानं जांघा भिजतात, त्यात टँकरचं पाणी मोजून. २०१६ ला तर लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं, तिथं आंघोळीचं काय सांगता. पण या जागेला पाणी लागतं तरी किती, एक मग. मोठ्या माणसानं दिवसातनं एकदा चामडी सहज जाईल तेवढी मागं घ्यायची, साध्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, परत पुढं आणायची. आत जो पांढरा मळ साचतो तो तेल आणि मेलेल्या पेशींचा असतो, रोग नाही, पण आठवडेच्या आठवडे राहिला तर वास येतो, जळजळ होते.

ह्याच्या उलटी माणसं पण आहेत, दिवसातनं तीनदा अंगाच्या साबणानं घासणारी, बादलीत डेटॉल टाकणारी. बोअरचं पाणी जड, साबण नीट निघत नाही, आत राहतो, आणि ती ओठासारखी कातडी भाजल्यासारखी होते. मग ते म्हणतात अजून स्वच्छता पाहिजे, आणि अजून घासतात! साबण बंद करा, चार-आठ दिवसांत निम्म्यांचं तिथंच भागतं.

ट्यूब, ट्यूब आणि ट्यूब

ह्यात माझी पण चूक आहे ते सांगतो. एक पंचेचाळिशीचे मामा, ऊसतोडीची टोळी घेऊन जाणारे मुकादम, तीन महिन्यांत तीनदा खाजेची ट्यूब घेऊन गेले, तीन-चार औषधं एकत्र असतात ती, त्यात कडक स्टेरॉइड असतं. मी पण दिली, गर्दी होती, विचारलं नाही. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, माणूस खूश होतो, पण खाली बुरशी वाढतच राहते आणि ट्यूब सोडली की दुपटीनं येते, वर कातडी पातळ होते ते वेगळंच. चौथ्यांदा आले तेव्हा म्हणाले, चामडीला उभ्या चिरा पडायलेत, मीठ लावल्यासारखं होतंय. दुकानातल्या मशीनवर बोट टोचून शुगर बघितली तर ३४० निघाली. मामांना शुगर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून सांगतो, चामडीला चिरा पडणं, पांढरा दह्यासारखा थर, खाज, आणि हे परत परत होणं, असं असलं की ट्यूबच्या आधी शुगर तपासा, तीन महिन्यांची सरासरी सांगणारीसुद्धा. लघवीत साखर उतरली की बुरशीला आयतं जेवण मिळतं. आणि ज्यांना शुगर आहे हे माहीत आहे त्यांनी गोळीचं नाव बघा, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती गोळी साखर लघवीवाटेच बाहेर काढते, त्यामुळं हा त्रास होऊ शकतो. गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला सांगायचं, लघवी झाली की जागा धुऊन कोरडी ठेवायची. शुगरवाल्याला तिथं सूज, जोराचं दुखणं आणि ताप एकत्र आला तर वाट बघू नका. बायकोला पण खाज असेल तर दोघांचा इलाज एकाच वेळी करायचा, नाहीतर टोलवाटोलवी चालू राहते.

लग्न ठरलं आणि चामडी मागं येईना

तुळशीचं लग्न झालं की ही केस येतेच. पोरगं सत्तावीसचं, तारीख निघालेली, आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरची 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' जाहिरात वाचून पाच-सात हजाराची पुडी घेऊन आलेलं असतं. पुडीनं चामडी सैल होत नाही, कुणाचीच झालेली नाही. बऱ्याच जणांना नुसतं स्टेरॉइड मलम, चार ते सहा आठवडे, आवळलेल्या कड्यावरच लावून आणि हळूहळू ताण देऊन फरक पडतो, पण ते डॉक्टरनं बघून दिलेलं पाहिजे, वरच्या ट्यूबशी त्याचा संबंध नाही. कडं पांढरं, कडक, चामड्यासारखं झालेलं असेल तर तो वेगळा आजार असतो आणि त्याला बऱ्याचदा चामडी काढायचं ऑपरेशनच लागतं. जोर करून ओढलं तर खालची पट्टी फाटते, रक्त जास्त दिसतं, स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं दाबून धरा, थांबतं. ऑपरेशन केलंच तर महिना-दीड महिना संबंध नाही, हे लग्नाच्या तारखेआधी मोजा.

सुंता चांगली का वाईट ह्यावर टपरीवर भांडणं होतात. धर्मानं केली त्यांचं काही बिघडलेलं नाही, केली नाही त्यांनी उगाच करायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये तिची शिफारस केली ती एचआयव्ही फार पसरलेल्या आफ्रिकेतल्या देशांसाठी, तिथं बाईकडून पुरुषाला लागण होण्याचा धोका साधारण ६० टक्के कमी झालेला दिसला होता. कंडोम तरी लागतोच, आणि खोबरेल तेल लावून वापरला तर फाटतो.

सुपारीच्या कडेला एका ओळीत बारीक मोत्यासारखे दाणे असतात काहींना, दुखत नाहीत, वाढत नाहीत, ते वयात येताना आपोआप येतात, रोग नाही, ब्लेड लावू नका. फोड, जखम, कोबीच्या फुलासारखी गाठ, भरत नसलेला व्रण असेल तर मात्र दाखवा. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात त्वचा विभाग असतो, गुप्तरोगासाठीचं सुरक्षा क्लिनिक असतं, तपासणी-औषध फुकट मिळतं.

आणि दुकानात बाया असल्या तर टपरीवर थांबू नका, चिठ्ठीवर 'चामडी' एवढं एकच लिहून सरकवा. शुगरचं मशीन मी गल्ल्याच्या मागंच ठेवतो.