आगमनकाळ: ख्रिस्तजन्माआधीच्या चार आठवड्यांची आत्मिक तयारी

आधी कॅलेंडर काढा. आगमनकाळ दरवर्षी एकाच तारखेला सुरू होत नाही. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा सण. त्याच्या सर्वांत जवळचा रविवार तो आगमनकाळाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, म्हणून हा काळ कधी २८ दिवसांचा असतो, तर कधी फक्त २२ दिवसांचा. २०२६मध्ये तो २९ नोव्हेंबरला सुरू होईल. २०२८मध्ये चौथा रविवार थेट २४ डिसेंबरलाच येतो, म्हणजे चौथा आठवडा जवळजवळ हातात उरतच नाही. 'शेवटच्या आठवड्यात निवांत बसू' असे ठरवणारे अशा वर्षी हमखास फसतात. (पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तयारीचा उपवास ४० दिवसांचा, १५ नोव्हेंबरपासून असतो, इथले वेळापत्रक पाश्चात्य परंपरेचे आहे.)

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आगमनकाळ म्हणजे नाताळची लांबलेली लगबग नव्हे. पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानात गोठा नसतो, बाळही नसते. प्रभू पुन्हा येणार आहे, जागे राहा, असे तिथे सांगितलेले असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो. मरिया आणि योसेफ यांची पाळी चौथ्या रविवारी. कॅथलिक उपासनेत १६ डिसेंबरपर्यंत भर पुनरागमनावर असतो आणि १७ तारखेपासून जन्मावर. बाराव्या शतकातले मठाधिपती संत बर्नार्ड यांनी ख्रिस्ताची तीन आगमने सांगितली: पहिले देह धारण करून झालेले, दुसरे रोज अंतःकरणात होणारे, तिसरे काळाच्या शेवटी होणारे. तयारी करायची ती या मधल्या आगमनासाठी, कारण दार उघडणे आपल्या हातात आहे ते तिथेच.

रोजची पंधरा मिनिटे

एवढी एक गोष्ट नीट पाळली, तर बाकीचे मागोमाग येते. जागा एकच ठेवा आणि वेळही एकच. पहाटेची किंवा दिवेलागणीची वेळ टिकते; रात्री अंथरुणावर पडल्यावरची वेळ चार दिवसांतच झोपेला जाते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि बायबल छापील घ्या.

पहिली दोन मिनिटे काहीही न बोलता बसा. मग पाच मिनिटे वाचन, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. त्यातला थांबवणारा एक शब्द किंवा एक ओळ धरून पाच मिनिटे तिच्यापाशीच राहा. अर्थ शोधत धावू नका. शेवटची तीन मिनिटे प्रार्थनेची. शब्द सुचत नसतील तर सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीची अरामी हाक पुरेशी आहे: 'मारानाथा', हे प्रभू, ये. दिवसभरात रांगेत उभे असताना किंवा भांडी घासतानाही ती म्हणता येते.

वाचायचे काय? चर्चमध्ये रोजचे पाठ नेमलेले असतील तर तेच घ्या. रविवारचे शुभवर्तमान तीन वर्षांच्या चक्राने फिरते: मत्तय, मार्क, लूक. आगमनकाळात मंडळीचे नवे उपासनावर्ष सुरू होते. २०२६च्या आगमनकाळापासून मार्कचे वर्ष लागेल. नेमलेले पाठ नसतील तर दोन सोपे मार्ग आहेत. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातले हे उतारे (अध्याय:वचने) एकेका आठवड्याला घ्या: २:१-५, ११:१-१०, ३५:१-१०, ७:१०-१४. नाहीतर लूकचे २४ अध्याय १ ते २४ डिसेंबर रोज एक याप्रमाणे वाचा. पहिल्याच अध्यायात ८० वचने आहेत, तेव्हा त्या दिवशी अर्धे सकाळी, अर्धे संध्याकाळी. या मार्गाने ख्रिस्तजन्माच्या आदल्या दिवशी तुम्ही पुनरुत्थानापाशी पोहोचता. काहींना ते उलटे वाटते. आम्हाला ते योग्यच वाटते. लूकचे पुस्तक मंदिराबाहेर जखऱ्याची, म्हणजे योहानाच्या वडिलांची, वाट पाहणाऱ्या लोकांपासून उलगडते आणि वरून सामर्थ्य मिळेपर्यंत शहरात थांबा, या आज्ञेपाशी येऊन पोहोचते. वाट पाहण्याचा धडा यापेक्षा चांगला कुठे मिळेल?

दोन दिवस चुकले तर ते सोडून द्या आणि आजचा अध्याय उघडा. साचलेले तीन अध्याय एका बैठकीत संपवायला गेलात की प्रार्थनेचा गृहपाठ होतो, आणि बहुतेकांचा नेम नेमका तिथेच मोडतो.

आगमनचक्र

हिरव्या पानांच्या वर्तुळात चार मेणबत्त्या: तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार. ही प्रथा जर्मनीतली. योहान हिनरिक विखर्न यांनी १८३९मध्ये हॅम्बुर्गच्या बालगृहातल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रोजच्या लहान, रविवारच्या चार मोठ्या.

पहिल्या आठवड्यात एक मेणबत्ती, दुसऱ्यात पहिली आणि दुसरी, असे वाढवत जा. रोज पंधरा मिनिटे धरली तर २८ दिवसांत पहिली मेणबत्ती सात तास जळते. बारीक, आखूड मेणबत्ती तिसऱ्या आठवड्यातच संपते. जाड आणि वीतभर उंचीची घ्या. चक्र धातूच्या किंवा मातीच्या ताटात ठेवा. पाने तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाळून कडक होतात आणि ठिणगीने पेटतात, म्हणून ती ज्योतीपासून दूर ठेवा, दर आठवड्याला बदला आणि खोली सोडताना मेणबत्ती विझवा.

पश्चात्ताप: लूक ३:१०-१४

लोक योहानाला विचारतात, 'मग आम्ही काय करावे?' तो तीन उत्तरे देतो. दोन अंगरखे असतील त्याने नसलेल्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कोणाला धाकदपटशा करू नये, आपल्या पगारात समाधान मानावे. आत्मपरीक्षणासाठी यावरून तीन प्रश्न कागदावर लिहा: माझ्याकडे जास्तीचे काय पडून आहे? कोणाचे देणे मी अडवून ठेवले आहे? माझ्या अधिकाराचा वचक मी कोणावर बसवतो?

उत्तरात माणसाचे नाव आणि काय करायचे ते आलेच पाहिजे. 'मी अधिक प्रेमळ होईन' हे उत्तर नाही. 'रविवारपर्यंत भावाला फोन करीन' हे उत्तर आहे. तिसऱ्या रविवारच्या आत हे उरका. पापनिवेदनाला (धर्मगुरूंपुढे पापे कबूल करायला) जाणाऱ्यांनीही तोच मुहूर्त धरावा. २३-२४ तारखेला रांग लांब असते आणि धर्मगुरूंना प्रत्येकासाठी वेळ कमी पडतो. नंतर कागद फाडून टाका.

उपवास जमेल तेवढाच करा. आज कॅथलिक चर्चमध्ये आगमनकाळात उपवासाचे बंधन नाही. हा ईस्टरआधीच्या उपवासकाळासारखा प्रायश्चित्ताचा काळ नसून आनंदाने वाट पाहण्याचा आहे. आठवड्यातून एक जेवण सोडा आणि त्याचे पैसे त्याच दिवशी वेगळ्या पाकिटात घाला. नंतर हिशेब करू म्हटले की तो होत नाही.

१७ ते २३ डिसेंबर

इथून वाचन कमी करा, हाक मारणे वाढवा. या सात संध्याकाळी मरियेच्या स्तोत्रासोबत सात प्राचीन ध्रुवपदे गायिली जातात. रोज एक नाव घ्या: ज्ञान, अदोनाय (प्रभू), इशायाचा (दाविदाच्या वडिलांचा) अंकुर, दाविदाची किल्ली, उगवती पहाट, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल (आमच्याबरोबर देव). प्रत्येकाचा शेवट 'ये' या हाकेने होतो. लॅटिन नावांची आद्याक्षरे उलट्या क्रमाने जुळवली की 'एरो क्रास' बनते: उद्या मी असेन. नाव घेऊन आपल्या अडचणीला जोडा: बंद पडलेल्या नात्यासाठी दाविदाची किल्ली, आजाऱ्याच्या उशाशी उगवती पहाट.

गोठा या दिवसांत मांडायला हरकत नाही, पण गव्हाणी रिकामी ठेवा. बाळ २४च्या रात्री, लूक २:१-२० वाचून झाल्यावरच ठेवायचे. मागी लोक (बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले ज्ञानी) दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करा आणि रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्यापाशी आणा. पंधरा मिनिटांची बैठकही तोपर्यंत चालू ठेवा.