जुन्या आंब्याची निगा: सुरुवात बुंध्यापासून

अंगणातील जुना आंबा वाळू लागला की आपले लक्ष आधी शेंड्याकडे जाते. परंतु दुखणे बहुधा जमिनीत किंवा बुंध्यात असते, म्हणून तपासणीही तेथूनच सुरू करावी. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, मातीचा भराव घातला किंवा नळासाठी चर खणला, तर ही मुळे गुदमरतात वा तुटतात, आणि काही वर्षांनी झाड वठू लागते तेव्हा त्या कामाची कोणाला आठवणही उरलेली नसते. भराव हाताने काढून खोड जेथे मुळांकडे रुंदावते तो भाग उघडा करावा. घेराखाली तीन-चार इंच पाचोळा पसरावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. शेणखत आणि उन्हाळ्यातील पाणीही घेराच्या कडेलाच द्यावे.

बुंध्याशी ताजा भुसा दिसला की भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागले असे समजावे. छिद्र मोकळे करून लवचीक तारेने अळी ओढून काढावी आणि भोक चिखलाने लिंपावे. पुढे नवा भुसा पडतो का, यावर लक्ष ठेवावे. बांडगूळ नुसते ओरबाडले तर पुन्हा फुटते, म्हणून ते फळण्यापूर्वी, चिकटलेल्या जागेच्या बऱ्याच खालून फांदीच कापावी.

फांदी कापताना तिच्या तळाशी असलेला फुगीर कंगोरा राखावा, कारण जखम भरून येते ती त्याच्याच बळावर. खोडाशी सपाट केलेला काप आणि मागे सोडलेले लांब खुंट, दोन्ही कुजतात. जड फांदी आधी खालच्या बाजूने अर्धवट कापावी, म्हणजे ती पडताना साल सोलवटत नाही. कापावर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाण्याची बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावावी. महाराष्ट्राच्या शहरी भागात मोठ्या छाटणीपूर्वी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालील वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगीची चौकशी करावी. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरील झाडांना विशेष संरक्षणही दिले आहे.

खोड पोकळ झाले एवढ्यावरून झाड तोडू नये, कारण त्याचा जिवंत थर सालीखाली असतो. ढोलीत सिमेंट मात्र कधीही भरू नये. त्याने ओल आत कोंडते आणि कुज वाढते. पोकळी मोठी असेल किंवा खोड कलू लागले असेल, तर पावसाळ्यापूर्वीच जाणकाराकडून झाडाची पाहणी करून घ्यावी.